स्वेटरच्या लोकरीचा खेकडा

माझा नवरा मासे पकडतो आणि सोडून देतो. हे वाक्य मी सासूबाईंना फोनवर आजवर निदान दहा वेळा समजावून सांगितलं असेल. त्या जत तालुक्यातल्या; त्यांचा अर्धा जन्म पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात गेला. आपल्या मुलानं गुडघाभर पाण्यात तासन्‌तास उभं राहायचं, एक मासा ओढायचा, त्याच्या तोंडातला गळ काढायचा आणि त्याला परत पाण्यात ठेवायचं, हे त्यांना काही बरं लक्षण वाटत नाही. खायचा नाही तर धरायचा कशाला, असं त्या विचारतात. इथे ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात आमच्या शेजारी राहणाऱ्या सामोअन काकूही हेच विचारतात, फक्त इंग्रजीतून. दोघींनाही मी सांगते की यांनाच विचारा. यांना विचारलं की हे नुसते हसतात.

यांचं नाव संभाजी. नाव ऐकून माणूस धिप्पाड असेल, मिशीला पीळ देत असेल असं वाटतं. हे जेमतेम पाच फूट चार इंच, आणि आवाज इतका हळू की दुकानात दोनदा सांगितल्याशिवाय पाव मिळत नाही. ईस्ट तामाकीतल्या एका पॅकिंगच्या कारखान्यात मेंटेनन्स टेक्निशियन आहेत. मशीन बंद पडलं की सगळे यांना शोधतात आणि चालू झालं की विसरतात. यांना त्यात काही गैर वाटत नाही. मला वाटतं. लग्नाला बावीस वर्षं झाली, बावीस वर्षं मला ते वाटत आलं आहे, आणि गेल्या मार्चमधल्या एका शनिवारपासून तर माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून हे लिहायला बसले.

लग्न झालं त्या वर्षी हे ओमानला गेले. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारा एक प्लांट होता, मस्कतपासून गाडीनं सहा तास दक्षिणेला. एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या. निघताना मी यांना स्वेटर विणून दिला. हसायचं तर हसा. आमच्या घराण्यातून त्याआधी परदेशात कुणी गेलं नव्हतं, आणि परदेश म्हणजे थंडी ही आमची पक्की समजूत. मिरजेच्या ज्या लॅबमध्ये मी काम करायचे तिथे दुपारच्या सुट्टीत बसून मी दीड महिन्यात तो पुरा केला. रंग वाळूचा घेतला, कारण मळखाऊ. यांना तेव्हा ओमानची हवा ठाऊक होती, पण यांनी तो घडी घालून बॅगेत ठेवला. तिथे उतरले त्या दिवशी सेहेचाळीस डिग्री होतं. मी फोनवर विचारलं, स्वेटर होतो का? म्हणाले, अगदी मापात बसतो.

प्लांटचे चीफ इंजिनियर कॉलिन नावाचे इंग्रज गृहस्थ होते. शुक्रवारी सुट्टी असायची. बाकीचे लोक पत्ते कुटायचे, घरी फोन करून भांडायचे, मग रडायचे. कॉलिनसाहेब काठी घेऊन किनाऱ्यावर जायचे. त्यांना पाण्याचे कॅन उचलायला माणूस हवा होता, म्हणून त्यांनी यांना बरोबर घेतलं. तो प्रकार साध्या गळाचा नव्हे. साध्या गळाला खरं आमिष असतं, वजन असतं, ते लांब फेकता येतं. इथे गळाभोवती दोरा, पीस, केस गुंडाळून किड्यासारखं किंवा झिंग्यासारखं एक खोटं आमिष बांधतात, त्याला फ्लाय म्हणतात. त्याला वजन जवळजवळ नसतंच. फेकायची असते ती जाड दोरी. काठीनं तिला मागे-पुढे झुलवत न्यायची आणि शेवटी तो चिमुकला फ्लाय माशाच्या पुढ्यात अलगद टाकायचा. वारा उलटा असला की तोच गळ आपल्या कानात घुसतो. यांच्या डाव्या कानाच्या पाळीवर अजून खूण आहे.

कॉलिनसाहेबांना हवा असलेला मासा होता परमिट. रुंद, चंदेरी, काळ्या पंखांचा. गल्फमध्ये नवरा असलेल्या बाईला परमिट म्हणजे कामाचा परवाना एवढंच माहीत, त्यामुळे पहिले सहा महिने यांचं बोलणं मला काही नीट कळलं नाही. हा मासा भरती चढू लागली की घोटाभर पाण्यात येतो, वाळूतले लहान खेकडे उकरून खातो आणि माणसाची सावली दिसली की नाहीसा होतो. त्या उन्हात पाणी इतकं चमकतं की काळा चष्मा लावूनही साहेबांना तो दिसायचा नाही. यांना दिसायचा. जतच्या माळावर लहानपणी शेळ्या राखताना उन्हाच्या झळांमधून लांबची शेळी हुडकायची यांच्या डोळ्यांना सवय होती, तीच उपयोगी पडली. हे बोट दाखवायचे, साहेब दोरी टाकायचे. वर्षभरानं साहेबांनी आपली एक जुनी काठी यांना दिली. भांडी घासायचा प्लॅस्टिकचा टब हे दोरीनं कमरेला बांधायचे, म्हणजे ओढून घेतलेली दोरी त्यात पडते, लाटेत गुंतत नाही. मिठानं आणि दोरीनं बोटांना चिरा पडायच्या. कमरेला टब बांधलेला यांचा फोटो बघून सासूबाई म्हणाल्या होत्या की मुलगा परदेशी गेला आणि भांडी घासायला लागला.

सिद्धी झाली तेव्हा हे तिथेच होते. ती अकरा महिन्यांची असताना यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं. यांनी हात पुढे केले, तर तिनं भोकाड पसरलं आणि माझ्या खांद्यात तोंड लपवलं. सव्वीस दिवसांची रजा होती. विसाव्या दिवशी ती यांच्याकडे गेली आणि सहा दिवसांनी हे निघाले. हे सगळ्या गल्फवाल्यांच्या घरी घडतं, आम्ही काही जगावेगळे नव्हतो. पण त्यानंतर यांनी शुक्रवार कधी चुकवला नाही. मे महिन्यात वाळूवर चप्पल वितळायची, तरी जायचे. मी एकदा चिडून म्हटलं, तुम्हाला त्या माशांशिवाय काही सुचत नाही. म्हणाले, खोलीत बसलो की दुसरंच सुचतं, आणि त्याला इलाज नाही.

आता खेकड्याकडे येते. साहेबांनी विलायतेहून मागवलेले महागडे फ्लाय तो मासा बघायचा आणि तोंड फिरवायचा. चार वर्षांत साहेबांना एकही परमिट मिळाला नव्हता. यांनी मग मासे बघायचं सोडलं आणि खेकडे बघायला सुरुवात केली. तीन-चार महिने हे शुक्रवारी पालथे पडून खेकडे बघत होते. यांच्या लक्षात आलं की घाबरलेला खेकडा सरळ खाली बसत नाही. एका कुशीवर कलतो आणि तिरका वाळूत घुसतो. विलायती खेकडे मात्र बशीसारखे सपाट बसायचे. प्लांटवर हे इन्स्ट्रुमेंटचं, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांचं काम करायचे. यांनी गळाच्या एकाच बाजूला डागकामाच्या कथिलाचा थेंब लावला, म्हणजे तो एका अंगावर कलून पडेल. अंगाला त्या वाळूच्या रंगाची लोकर हवी होती. यांनी बॅग उघडली, माझा स्वेटर काढला आणि डाव्या बाहीपासून उसवायला घेतला. मला ते फोनवर सांगितलं तेव्हा मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं असं मी तेव्हा यांना भासवलं.

त्या खेकड्यावर साहेबांना तिसऱ्या फेकीत परमिट मिळाला. साहेब वाळूत गुडघ्यावर बसले, माशाचे फोटो काढले, त्याला सोडून दिलं, यांना मिठी मारली. यांना ते सॅमच म्हणायचे; म्हणाले, सॅम, ह्याला नाव दिलं पाहिजे, काय नाव द्यायचं? हे म्हणाले, सर, तुमचंच नाव द्या. साहेब म्हणाले, खरंच? व्हेरी काइंड ऑफ यू. आणि त्याचं नाव कॉलिन्स क्रॅब पडलं. यांनी त्या शुक्रवारी हे मला सांगितलं तेव्हा मी काय म्हणाले ते मला लख्ख आठवतं, कारण ते आठवून मी आता स्वतःवरच चरफडते. मी म्हणाले, बरं केलंत, साहेब खूश राहतील. माझ्या डोक्यात तेव्हा यांची पगारवाढ आणि वर्षाला एकाऐवजी दोन रजा एवढंच होतं. दोन्ही मिळालं नाही.

साहेब दोन वर्षांनी इंग्लंडला परत गेले. आम्ही २०१३ साली माझ्या लॅबच्या नोकरीवर ऑकलंडला आलो. सिद्धी सात वर्षांची होती, बापाशी पहिल्यांदाच सलग एका घरात राहत होती. हे तिच्याशी पाहुण्यासारखे वागायचे. तिच्या खोलीतही दारावर टकटक करून आत जायचे, आणि तीही यांना थँक यू म्हणायची. मासेमारी इथेही चालू राहिली. रविवारी सकाळी माराएताईच्या किनाऱ्यावर जातात. इथलं पाणी गार, हिरवट, आणि इथला काहावाई मासा समोर चमचा हलवला तरी गिळतो. त्याला फसवायला फार अक्कल लागत नाही असं यांचं मत आहे. तिथली मजा इथे नाही, म्हणतात. मजा. पंचेचाळीस डिग्रीत एकट्या माणसानं काढलेल्या दहा वर्षांना हे मजा म्हणतात.

इथे आल्यावर चार-पाच वर्षांनी एका दुकानात भिंतीला लटकवलेली पाकिटं बघता बघता हे थांबले. मी शेजारी कंटाळून उभी होते. पाकिटावर लिहिलं होतं, कॉलिन्स क्रॅब. मागच्या बाजूला बारीक अक्षरात हकिगत होती: ओमानच्या तळपत्या किनाऱ्यावर चार वर्षांच्या निरीक्षणातून कॉलिन यांनी हा खेकडा घडवला, अंगाची लोकर त्यांना स्थानिक बाजारात मिळाली. कुठल्याशा विलायती कंपनीनं तो जगभर विकायला काढला होता. मी ती लोकर मिरजेच्या लक्ष्मी मार्केटमधून आणली होती. यांनी पाकीट दोनदा वाचलं, आतला खेकडा उजेडात धरला आणि म्हणाले, थेंब मधोमध लावलाय, हा कलणार नाही.

घरी येताना गाडीत मी यांना फैलावर घेतलं. तुम्ही नाव दिलंत कशाला? तेव्हा हे म्हणाले, "मला वाटलं होतं, ते पुन्हा विचारतील."

आपल्याकडे पहिल्याच विचारण्याला कुणी हो म्हणतं का? जेवायला बसलेला माणूस आणखी पोळीला नको म्हणतो ते वाढणाऱ्यानं आग्रह करावा म्हणून. ताटावर हात आडवा धरायचा, बोटांमध्ये फट ठेवायची. साडी कुणाला आवडली हे विचारलं की तुम्हीच निवडा म्हणायचं. समोरच्यानं म्हणायचं, छे, असं कसं, तुम्हीच सांगा. मग सांगायचं. आम्ही सगळे असेच वाढलो, आणि त्यात कधी कुणी उपाशी राहिलं नाही, कारण समोरचाही तसाच वाढलेला होता. कॉलिनसाहेब तसे वाढलेले नव्हते. त्यांनी विचारलं, यांनी उत्तर दिलं, त्यांनी ते खरं मानलं. त्यांना चोर म्हणायची माझी फार इच्छा आहे, पण तसं म्हणता येत नाही.

मागच्या वर्षी कारखान्यातल्या कुणी तरी यांना आल्बनीच्या मासेमारी क्लबात नेलं. तिथल्या सेक्रेटरी हीथर म्हणून साठीच्या बाई आहेत, स्वभावानं सरळ. यांनी त्यांना खेकडा बांधून दाखवला आणि बोलता बोलता हकिगत सांगितली. बाई उठल्याच. त्यांच्या हॉलच्या भिंतीवर नामांकित फ्लायच्या काचेच्या चौकटी आहेत, प्रत्येकीखाली ज्यानं तो पहिल्यांदा बांधला त्याचं नाव. कॉलिन्स क्रॅबची चौकट व्हायचीच होती. कॉलिनसाहेबांची मुलगी आल्बनीलाच राहते, ते मार्चमध्ये तिच्याकडे येणार होते आणि क्लबात भाषण करणार होते. हीथरबाई म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर सांगा, कॉलिननं हो म्हटलं की मी चौकटीखाली तुमचं नाव घालते. चौकटीसाठीचा खेकडाही त्यांनी यांनाच बांधायला सांगितला.

स्वेटरचं आता एक मनगट तेवढं उरलं होतं. यांनी त्यातून खेकडा बांधला, चार वेळा उसवला आणि पाचव्यांदा मनासारखा झाला. मग महिनाभर जेवणाच्या टेबलावर सिद्धीनं यांची तालीम घेतली. ती आता एकोणीस वर्षांची आहे, युनिव्हर्सिटीत शिकते, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. हे उभे राहायचे आणि आधी क्लबचे आभार मानायचे, मग हीथरबाईंचे, मग साहेबांनी शिकवलं म्हणून साहेबांचे, मग साहेबांच्या मिसेसचे, ज्यांना यांनी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. सिद्धी हात वर करायची.

"बाबा, नो थँक यूज. फर्स्ट सेंटेन्समध्येच सांगायचं. धिस इज माय फ्लाय."

"असं कसं एकदम?" हे म्हणायचे.

तरी हळूहळू जमलं. शेवटच्या आठवड्यात हे आंघोळ करतानाही ते वाक्य पुटपुटत होते. मला खरं सांगायचं तर आशा वाटायला लागली होती. भिंतीवर एक नाव, एवढंच. जगात त्यानं काही होणार नव्हतं. पण दहा वर्षं ज्याला मी फोनवरचा आवाज म्हणून ओळखत होते, त्या माणसाचं तिथे काही तरी घडलं होतं याची खूण कुठे तरी राहावी असं मला वाटत होतं. त्या वर्षांचं आमच्या हातात दुसरं काहीही नाही.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं आल्बनीला गेलो. हॉलमध्ये चाळीसेक माणसं, टेबलावर चहा आणि केक. कॉलिनसाहेब आता खूप थकलेत, हातात काठी आहे, पण यांना पाहिल्याबरोबर सॅम, सॅम करत पुढे आले आणि मिठी मारली. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. मग त्यांनी पडद्यावर फोटो दाखवले. वाळू, लाटा, मासा. दोन फोटोंत हे होते, पाठमोरे, कमरेला टब. खेकड्याची हकिगत साहेबांनी रंगवून सांगितली: मी वाळूत पालथा पडून तीन महिने खेकडे बघत होतो, मग एके दिवशी बाजारात वाळूच्या रंगाची लोकर दिसली. खोटं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा मला ओळखता येतो. हा तो चेहरा नव्हता. इतकी वर्षं सांगून सांगून त्यांना ते स्वतःचंच वाटू लागलं होतं. कोपऱ्यात चौकट झाकून ठेवली होती.

हीथरबाईंनी ठरल्याप्रमाणे यांचं नाव पुकारलं. हे उभे राहिले. शर्टाची बाही नीट केली. आणि म्हणाले, स्वच्छ इंग्रजीत, पहिल्याच वाक्यात, की सर, हा खेकडा मी केला होता. सिद्धीनं माझा हात घट्ट धरला.

कॉलिनसाहेब क्षणभर गोंधळले. भुवया उंचावून यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

"तू केलास, सॅम?" ते म्हणाले. "असेलही. असेलच बहुतेक. माझी आठवण आता पूर्वीसारखी राहिली नाही. मग सांग, काय करू या? चौकटीवर तुझं नाव घालू या का? माझी काही हरकत नाही."

इतकं सोपं होतं. इतकं आयतं ताटात पडलं होतं. चाळीस माणसं यांच्याकडे बघत होती, हीथरबाईंच्या हातात पेन होतं. म्हाताऱ्या माणसानं भर सभेत आपलं नाव काढून द्यायची तयारी दाखवली होती, आणि मी यांच्या मानेकडे बघूनच ओळखलं की आता हे काय म्हणणार.

"ॲज यू विश, सर," हे म्हणाले.

साहेब हसले. म्हणाले, मग राहू दे बाबा, ह्या वयात मला कुठे नवीन नाव लक्षात राहणार, आणि सगळा हॉल हसला. टाळ्या पडल्या. कुणी यांच्या पाठीवर थाप मारली. हीथरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, प्रश्नार्थक. मी उठून काही तरी बोलायला हवं होतं. माझ्या हातात चहाचा कप होता आणि मी तो धरून बसून राहिले. साहेब वडीलधारे, भरल्या सभेत नवऱ्याचं बोलणं खोडून काढायचं कसं, असलं काही तरी माझ्या मनात आलं. लॅबमध्ये मी डॉक्टरांना तोंडावर चूक दाखवते. तिथे माझी जीभ हलली नाही. त्याबद्दल मी यांना दोष देऊ शकत नाही, आणि तरी देते.

परत येताना सिद्धी गाडी चालवत होती. हार्बर ब्रिज आला. मग मीच फुटले. म्हटलं, त्यांनी तुमचं नाव घेऊन विचारलं, हो म्हणायला काय झालं होतं? जिभेला काय झालं होतं?

हे खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "माझं नाव मला नकोच होतं. तेव्हाही नको होतं."

"मग कुणाचं हवं होतं?"

यांनी काच थोडी खाली केली. मग म्हणाले, "सिद्धीचं. ती दोन वर्षांची होती तेव्हा. तिला मी बावन्न दिवस बघितलं होतं सगळं मिळून. मी म्हटलं, आधी साहेबांना मान द्यावा, ते नको म्हणतील, तूच सांग म्हणतील, मग सांगू."

सतरा वर्षं या माणसानं हे मला सांगितलं नव्हतं. सिद्धीचे हात स्टीअरिंगवर होते, तिनं मान वळवली नाही. आमचं वळण आलं, तिनं इंडिकेटर दिला आणि मोटरवेवरून उतरून पहिल्या सिग्नलला थांबल्यावर विचारलं की मग आज का नाही सांगितलं, बाबा.

"तू समोर बसली होतीस," हे म्हणाले.

"आय वुडन्ट हॅव माइंडेड," सिद्धी म्हणाली. सिग्नल हिरवा झाला तरी ती दोन सेकंद थांबून राहिली, मागच्यानं हॉर्न दिला.

पुढच्या आठवड्यात हीथरबाईंनी माझ्या फोनवर चौकटीचा फोटो पाठवला. चौकट सुंदर झाली आहे. काचेमागे स्वेटरच्या शेवटच्या लोकरीचा खेकडा, एका कुशीवर कललेला. खाली पितळी पट्टी: कॉलिन्स क्रॅब. त्याखाली बारीक अक्षरात: हा नमुना बांधणारा, सॅम. यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला, गाठ चांगली बसली आहे म्हणाले आणि कामावर गेले.

मी मात्र त्या दिवशी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत बसून हीथरबाईंना लांबलचक मेसेज लिहिला. यांचं नाव सॅम नाही, संभाजी आहे. लोकर बाजारातली नाही, माझ्या हातच्या स्वेटरची आहे. खेकड्याला आमच्या मुलीचं नाव द्यायचं होतं, ते साहेबांना मान द्यायला म्हणून राहून गेलं. पट्टी बदलता येईल का? पाठवण्याआधी तीनदा वाचला, आभाराचं वाक्य खोडलं, आणि पाठवला.

हीथरबाईंचं उत्तर लगेच आलं. पट्टी कोरून झाली होती आणि समितीनं मंजूर केली होती. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "पण लता, आम्ही त्यांना विचारलं होतं ना. सगळ्यांसमोर विचारलं होतं."

मी पुष्कळ वेळ काही तरी टाइप करत होते आणि खोडत होते. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांनी विचारलं होतं. एकदा विचारलं होतं.